सर्टिफिकेट सोडवून आणताना

बायकोचा नंबर बंद झालाय हे ऐकल्यावर मला आधी वाटलं, मोबाइलचा. मी जेवत होतो. म्हणालो, "मग रिचार्ज मार की." ती दारातच उभी होती, ड्युटीच्या कपड्यांत, सुटायची वेळ झालेली नसताना.

"तो नंबर न्हाई," ती म्हणाली. "नर्सिंगचा. मुंबईच्या यादीतनं माझं नाव काढून टाकलंय."

आणि चप्पल न काढताच घरात आली. असं करताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं, म्हणून ताटावरून उठलो. काय झालंय ते नीट समजलं नव्हतं, पण मोठं काहीतरी झालंय एवढं समजलं.

ज्यांच्या घरात नर्स नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोर्स पास झाला की मुंबईचं कार्यालय नर्सला एक नंबर देतं आणि एक सर्टिफिकेट देतं. ठरलेल्या वर्षांनी तो नंबर पुढे चालू करून घ्यावा लागतो. नंबर चालू असेल तर ती नर्स. नसेल तर तिनं कितीही बाळंतपणं केलेली असोत, कायद्याच्या नजरेत तिच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की रक्त बघून तिला चक्कर येत नाही आणि मला येते.

आम्ही दोघं बीड जिल्ह्यातले. रत्नागिरीत कुणी विचारलं तर मी नुसतं 'घाटावरचे' म्हणतो, कारण इथल्या माणसाला सह्याद्रीपलीकडचं सगळं सारखंच. मी आठवीतून शाळा सोडली. आई-बाप ऊसतोडीला जायचे आणि धाकट्या भावंडांजवळ कुणीतरी राहायला हवं होतं. बायको शिकली. लग्नात आमच्याकडच्या टवाळ पोरांनी मला सोडलं नाही. "सुई तिची आन् टोचून घ्यायचं ह्यानं!" मला राग नव्हता आला. मला आतून भारी वाटलं होतं, की आपल्या घरात सुई टोचणारं माणूस येतंय. ते भारी वाटणं अजून गेलेलं नाही.

इथल्या एका खासगी दवाखान्यात तिला नोकरी मिळाली म्हणून आम्ही आलो. मांडवीत एक खोली घेतली. मला मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात काम लागलं. लाद्या ओढायच्या, क्रशरमध्ये घालायच्या, चुरा बोटींवर चढवायचा. आमच्या खोलीच्या मालकीणबाईंचा नवरा आणि मुलगा दोघंही जहाजावर असतात, त्यामुळे त्यांना बोलायला माणूस लागतं. त्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "अरे मेल्या, तिकडं पाणी नाय म्हणून हिकडं आलास, नि हिकडं येऊन पाणी विकतोस, तेही गोठवून!"

तर नंबर का गेला ते सांगतो. यात माझ्या बायकोची चूक होती, आणि ती तिनं कधी नाकारली नाही.

तिचे वडील लवकर गेले. नर्सिंगची फी मामानं भरली. मामा म्हणजे आमच्याकडे काय असतो ते सांगायला नको. लग्नात नवरीच्या पाठीशी उभा राहतो तो. कोर्स झाल्यावर मामा म्हणाला, तालुक्याच्या गावी माझ्या ओळखीच्या डॉक्टरनं नवीन दवाखाना टाकलाय, त्याला परवानगीसाठी भिंतीवर नर्सचं सर्टिफिकेट लागतंय. "तुला कामाला जायाचं न्हाई. नुसतं टांगायचंय. टांगल्यानं काय झिजतंय का ते?" डॉक्टर दर महिन्याला मामाला थोडे पैसे देणार होता. मामानं फी भरली होती, ती अशी फिटत जाईल. तिला वाटलं, आपण इकडं काम करू, सर्टिफिकेट तिकडं काम करील. आमच्या भागात असं कितीतरी जणींनी केलेलं तिनं पाहिलं होतं. इथल्या दवाखान्यात तिनं झेरॉक्स दिली आणि नोकरी केली.

मग तिकडच्या त्या दवाखान्यावर तपासणी आली. एकच नर्स एकाच वेळी बीडकडच्या रजिस्टरवर हजर आणि रत्नागिरीच्याही. कार्यालयाच्या नोटिसा तिच्या माहेरच्या पत्त्यावर गेल्या. सासूबाई तेव्हा मुलाकडे पुण्याला, घराला कुलूप. पोस्टमन परत गेला. हजर राहिली नाही म्हणून नाव काढून टाकलं. आम्हाला कळलं ते इथल्या दवाखान्यातल्या क्लार्कनं सगळ्यांचे नंबर कॉम्प्युटरवर तपासले तेव्हा.

तिनं मामाला फोन लावला. मी शेजारी बसून होतो. मामा म्हणाला, "पोरी, काय करायचं ते कर. फकस्त माझं नाव कुठं येऊ देऊ नको."

"न्हाई येऊ देत," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मला वाटलं आता रडेल. तिनं विचारलं, "आपल्याजवळ किती हायेत?"

आमच्याजवळ फार नव्हते. दवाखान्यानं तिला काढलं नाही, त्यासाठी मी आजही इथल्या डॉक्टरांचा ऋणी आहे. पण कागदावर तिला अटेंडंट केलं आणि पगार निम्म्याच्या खाली आणला. काम आधीचंच. सलाइन लावायचं झालं की हाक यायची, "सिस्टर!" आणि पगाराच्या दिवशी ती सिस्टर नसायची. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की नंबर परत मिळवायचा खर्च हा फी भरण्याच्या कितीतरी आधीपासून सुरू झालेला असतो.

फी तर सगळ्यात कमी निघाली. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण मीही आधी फीच विचारत फिरलो होतो. वकिलाकडे गेलो तर तो म्हणाला, फीचं सोडा, प्रतिज्ञापत्र करा. प्रतिज्ञापत्राला पाचशेचा स्टँप, त्याला नोटरी, नोटरीला ओळखपत्रं. तिचं ओळखपत्र सासरच्या नावाचं, सर्टिफिकेट माहेरच्या नावाचं. आमच्याकडे लग्नात तांदळात अंगठीनं लिहून मुलीचं नाव बदलतात, ते माझ्या आईनं हौसेनं केलं होतं. तेवढ्या हौसेपायी राजपत्रात नाव छापून आणावं लागलं. मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्या टायमाला कुणी बोललं का न्हाई? मी तांदळाचं ताट पुढं केलंच नसतं." तिच्यावर काय रागावणार.

मुंबईला सुनावणीसाठी बोलावलं, तेव्हा मीही गेलो. दोघांचं तिकीट, दोघांचा खाडा. ती म्हणाली होती एकटी जाते, पण मला घरी बसवलं नसतं. तिथं मला आत सोडलं नाहीच. मी बाहेरच्या बाकावर बसलो, उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो. शिपाई म्हणाला, "अहो, तुमचं बाळंतपण आहे का आत?" मी म्हणालो, तसंच समजा.

आतलं मला बायकोनं नंतर सांगितलं. आत एक वयस्क बाई होत्या, स्वतः आयुष्यभर नर्स राहिलेल्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, "तुमच्या नावावर तिथं इंजेक्शनं कोण देत होतं?"

बायको म्हणाली, "माहीत नाही, मॅडम."

"मुलगी होती की बाई होती? काय शिकलेली होती?"

"माहीत नाही."

"तिच्या हातून कुणी दगावलं असतं तर कोर्टात कोण उभं राहिलं असतं?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी कागद पुढे ओढला. दंड, मागची थकलेली फी, आणि नव्यानं ठरावीक तासांचं प्रशिक्षण पूर्ण केलंत तर नाव परत घेण्याचा विचार होईल, असं लिहून दिलं. 'विचार होईल' हे शब्द मी वाटेत पुन्हा पुन्हा वाचला. एवढे पैसे घालून नुसता विचार? बायको म्हणाली, "नीट वाचा, घोकू नका."

प्रशिक्षणाचे तास कार्यशाळांतून जमवायचे असतात. रत्नागिरीत एखादी व्हायची, बाकीच्या कोल्हापूर, सांगली, पुणे. फी वेगळी, एस.टी. वेगळी, त्या दिवसाचा पगार कापला तो वेगळा. प्रत्येक कार्यशाळेत एक पिशवी मिळायची, आत वही आणि पेन. आमच्या घरात त्या पिशव्यांचा ढीग झाला. मालकीणबाईंनी एक नेली सुकट ठेवायला, आणि म्हणाल्या, "शिष्टर, ह्या पिशवीची किंमत काय गो पडली?" बायकोनं खरी किंमत सांगितली. त्यांनी ती पिशवी धुऊन परत आणून दिली.

त्यात मासेमारीची पावसाळी बंदी आली. जून-जुलैत बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, मग बर्फ कुणाला हवा? कारखाना बंद. दरवर्षी त्या दिवसांत मी आंब्याच्या बागांमध्ये मशिननं गवत मारायला जातो, पण त्या वर्षी पाऊस एवढा लागून राहिला की आठवड्यातले निम्मे दिवस मालकच नको म्हणायचा. मी घरात बसू शकत नव्हतो. छत्री घेऊन जेटीपर्यंत जायचो, रिकामा परत यायचो. पतपेढीतून कर्ज काढलं, त्याचा पहिला हप्ता नेमका तेव्हाच. बायकोला मी हप्त्याचं सांगितलं नाही, आणि तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

भाडं थकलं. मी मालकीणबाईंकडे तोंड पाडून गेलो. त्या अंगणात करवंट्या फोडत बसल्या होत्या.

"काकी, भाड्याचं..."

"मी मागितलं?"

"नाही."

"मग तू कशाला आलास? माझ्या दारात उभा राहून रडू नको, पाऊस काय कमी हाय?" मग पुढची करवंटी फोडत म्हणाल्या, "माझा झील जहाजावरनं घरी आला नि आजारी पडला तेव्हा तुझी बायको रात्रभर बसली होती. तेव्हा काय नंबर बघितला होता मी तिचा?"

मी करवंट्या गोळा करून दिल्या आणि आलो. त्या घराचे उपकार मी फेडीन असं मी म्हणत नाही, कारण फिटण्यातले ते नाहीत.

गणपतीच्या सुमाराला डॉक्टरांनी बायकोला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही, हे मी परत सांगतो. ते म्हणाले, "सिस्टर, किती दिवस पैसे घालत बसणार त्यात? लांज्याकडची एक मुलगी पास झाली आहे. लग्न ठरतंय, तिला इतक्यात नोकरी करायची नाही. तिचं सर्टिफिकेट आपल्याकडे येईल. कागदावर ती, कामावर तुम्ही. पगार तुमचा पूर्वीचा."

तिनं घरी येऊन सांगितलं, तेव्हा माझ्या डोक्यावरून लादी उतरल्यासारखं झालं. मी लगेच बोलायला लागलो. पूर्वीचा पगार म्हणजे हप्ता सुटला. भाडं सुटलं. मुंबईचं राहू दे, सावकाश होईल, नाही झालं तरी अडत नाही. हिशेबानं बघितलं तर डॉक्टरांचंच खरं होतं. दुसऱ्याचं सर्टिफिकेट भाड्यानं घेणं हे स्वतःचं सोडवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडत होतं.

ती तांदूळ निवडत होती. माझं सगळं बोलून होऊ दिलं आणि म्हणाली, "तिकडं माझ्या नावावर जी सुया टोचीत होती, तिच्या खुर्चीत आता मी बसू?"

"तिची गोष्ट येगळी. तू शिकलेली हायेस. तुझ्या हातनं काय चुकणार हाय?"

"चुकतं. समद्यांच्या हातनं चुकतं. कुणाच्या हातनं चुकलं ते कळावं म्हणून तर नंबर असतो."

"आन् खायाचं काय?"

"हे निवडायलेय ते," ती म्हणाली.

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. माझी चिडचिड झाली होती, आणि ती तिच्यावर काढता येत नव्हती. मला एवढंच दिसत होतं की शेवटी विचारच होणार, आणि तो विचार 'नाही' असा झाला तर आम्ही कर्जासकट घाट चढून परत जाणार. गावी परत जायची मला भीती नाही. पण ती परत गेली आणि घरीच बसली, तर लग्नातल्या त्या पोरांचं हसणं मला सोसवलं नसतं.

दोन-तीन दिवसांनी ती लांज्याची मुलगी वडिलांबरोबर दवाखान्यात आली. सर्टिफिकेट प्लास्टिकच्या फाइलमध्ये, वडिलांच्या काखेत. डॉक्टर ऑपरेशनला गेले होते, म्हणून दोघं बाहेर बसली होती. बायकोनं त्यांना पाणी दिलं आणि मुलीला विचारलं, "इथं नोकरी करायची नाही?"

वडीलच बोलले, "लग्न हाय ना तिचं. कागद घरात पडून राहणार, त्यापेक्षा चार पैसे येतील."

बायको म्हणाली, "काका, पोरीला पाठवा. कागदाला नका पाठवू." आणि मग तिथंच उभं राहून स्वतःचं सगळं सांगितलं, मामाचं सोडून. मुंबईच्या बाईंनी काय विचारलं तेही सांगितलं. मुलगी ऐकताना फाइलकडे बघत होती. वडील म्हणाले, चहा घेऊन येतो. दोघं चहाला गेली ती गेलीच.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सिस्टर, तुमच्यासाठीच करत होतो मी ते." आणि मग म्हणाले, उद्यापासून यायची गरज नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते दुखावलेले होते. अशा रीतीनं आमचा निम्म्याहून कमी झालेला पगारही गेला, आणि मी खर्चाच्या यादीत तो सगळ्यात वर धरतो.

पुढचे महिने कसे गेले ते मला सलग आठवत नाही. मी दिवसा लाद्या ओढायचो, संध्याकाळी जेटीवर मासळीच्या क्रेट गाडीत चढवायचो. बायको मांडवीतल्या दोन म्हाताऱ्यांच्या घरी त्यांचं करायला जायची, आंघोळ घालणं, पाठीला तेल लावणं, भरवणं. औषध द्यायची वेळ आली की घरच्यांना द्यायला लावायची. "तुम्हीच द्या, मी सांगते कसं ते." त्यांना कळायचं नाही ही अशी काय करते. राहिलेल्या कार्यशाळा तिनं त्याच पैशांतून केल्या. मामानं तिकडच्या त्या डॉक्टरकडून सर्टिफिकेट मिळवून, बायको कार्यशाळेला गेली होती तेव्हा, कोल्हापूरपर्यंत एका ट्रकवाल्याबरोबर पाठवलं, फ्रेमसकट. काच फुटलेली होती. सोबत एका पाकिटात पैसे होते. बायकोनं मोजले नाहीत, तसेच दंडात भरले. मामा स्वतः आला नाही. अजून आलेला नाही. त्या दोघांचं फोनवर बोलणं होतं, पण शेतीचं आणि पावसाचं.

नंबर परत चालू झाला तो एका दुपारी, मोबाइलच्या स्क्रीनवर. तिनं तीनदा तपासला. मग मला तपासायला लावला. मी इंग्रजी वाचतो ते अडखळत, पण तिचं नाव वाचता आलं. दोन्ही नावं होती, आधीचं आणि आत्ताचं. त्या दिवशी मालकीणबाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं आणि बायकोला म्हणाल्या, "आता माझं बीपी बघायला पैसे घेशील काय गो?"

पण नंबर आला म्हणजे नोकरी आली असं नसतं. भाट्याच्या पुलापलीकडे एका दवाखान्यात जागा होती. मालकीणबाईंच्या मुलाची मोटरसायकल मागून मी तिला सोडायला गेलो, आणि तिथल्या माणसानं, "या, तुम्हीही बसा," म्हटल्यामुळे आत बसलो. सगळं चांगलं चाललं होतं. अनुभव विचारला, मधे खंड का पडला ते विचारलं, तिनं न लपवता सांगितलं. तो मान हलवत होता. मग म्हणाला, "ठीक आहे. ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करा. नोकरी सोडाल तेव्हा परत मिळेल."

बायको म्हणाली, "ओरिजिनल बघून घ्या. झेरॉक्स सही करून देते. ओरिजिनल माझ्याजवळ राहील."

"तसं नसतं हो. सगळ्या सिस्टरांची आमच्या कपाटात आहेत."

"असतील."

"मधेच सोडून जातात मुली, म्हणून ठेवतो. दुसरं काही नाही."

"मी मधेच नाही जाणार. पण हे ठेवणार नाही."

मी तिच्या शेजारी बसलो होतो. माझ्या तोंडात आलं होतं, देऊन टाक की, कपाटातच ठेवतायत, भिंतीवर थोडंच टांगतायत. हप्त्याची तारीख डोळ्यांपुढे नाचत होती. तो माणूस माझ्याकडे बघत होता, नवरा काहीतरी समजावेल म्हणून. मी खिडकीकडे बघत राहिलो. गप्प बसायला मला आयुष्यात इतके कष्ट कधी पडले नव्हते.

"मॅडमना विचारून कळवतो," तो म्हणाला.

परत येताना पुलावर मी तिला विचारलं, काय वाटतं. ती म्हणाली, "कळवतो म्हणलेत ना." मी म्हणालो, कळवतो म्हणजे नाही. ती म्हणाली, "तुम्ही गाडी बघून चालवा."

चौथ्या-पाचव्या दिवशी मी बोटीवर चुरा चढवत होतो, तेव्हा फोन आला. पावडरसारखा बर्फ हाताला, म्हणून खलाशानं तो माझ्या कानाला धरला.

"बोलावलंय," ती म्हणाली. "झेरॉक्स चालंल म्हणले."

"पगार किती?"

"इचारला न्हाई."

"इचारला न्हाई?"

"रुजू तर होऊ द्या," ती म्हणाली, आणि मागून कुणीतरी तिला सिस्टर म्हणून हाक मारली, तेव्हा मला कळलं की ती तिथूनच बोलतेय. फोन बंद झाला. खलाशी म्हणाला, "काय रे, बरं हाय ना सगळं?" मी हो म्हणालो आणि फावडं उचललं, पण किती क्रेट भरून झाल्या होत्या ते काही केल्या आठवेना, आणि सगळ्या पहिल्यापासून मोजाव्या लागल्या.